लाथ कुणाच्या मालकीची? कराटेच्या एका जुन्या खेळाचा खटला

सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी यांनी ‘पालवर्ल्ड’ या खेळाच्या निर्मात्यांवर, म्हणजे पॉकेटपेअर या जपानी कंपनीवर, टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला तेव्हा बरेच जण चक्रावले. त्या वर्षीच्या जानेवारीत पालवर्ल्ड बाजारात आल्यापासून त्यातले प्राणी आणि पोकेमॉन यांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवून इंटरनेटवर वाद झडत होते. डोळे, शेपट्या, रंग, सगळ्यावरून. दावा मात्र चित्रांच्या नकलेचा निघाला नाही, पेटंटचा निघाला. इतका सारखेपणा लोकांना दिसत असताना कॉपीराइटचं नावसुद्धा कसं नाही?

याचं उत्तर एका जुन्या अमेरिकी खटल्यातून चांगलं समजतं. तो घरगुती संगणकावरच्या कराटेच्या खेळावरून झाला होता. त्यातला प्रश्न ऐकायला गमतीचा आणि सोडवायला अवघड आहे: पायाने मारलेल्या लाथेवर कुणाची मालकी असू शकते का?

एकदम इतके कराटेपटू कुठून आले?

१९८४ साली ‘कराटे चॅम्प’ आला. टेक्नोस जपान या कंपनीने तो बनवला आणि डेटा ईस्टने बाजारात आणला. हा आर्केडचा खेळ होता, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायचा. पडद्यावर एक पांढऱ्या पोशाखातला खेळाडू, एक लाल पोशाखातला आणि सोबत पंच. नेमका वार बसला की अर्धा किंवा पूर्ण गुण, पंच लढत थांबवणार, पुन्हा सुरुवात. पुढच्या वर्षी डेटा ईस्टने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठीही त्याची आवृत्ती काढली.

तोवर त्या संगणकावर कराटेची गर्दी झाली होती. मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरमधल्या ग्रेग बार्नेटने ‘द वे ऑफ द एक्स्प्लोडिंग फिस्ट’ केला होता आणि १९८५ मध्ये इंग्लंडातल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. तिथल्याच सिस्टिम ३ या कंपनीने ‘इंटरनॅशनल कराटे’ काढला. त्याची कमोडोर आवृत्ती आर्चर मॅक्लीनची, संगीत रॉब हबर्डचं. सिडनीचं ऑपेरा हाऊस, इजिप्तचे पिरॅमिड, फुजी पर्वत अशा पार्श्वभूमीवर चाललेली ती मारामारी आजही बघायला देखणी वाटते.

एप्रिल १९८६ पासून एपिक्स ही कंपनी हाच खेळ अमेरिकेत ‘वर्ल्ड कराटे चॅम्पियनशिप’ या नावाने विकू लागली. डेटा ईस्टने एपिक्सला कोर्टात खेचलं. म्हणणं साधं होतं: हा आमच्या कराटे चॅम्पवरून उचलला आहे.

चौसष्ट केबीत माणूस बसवायचा कसा

खटला समजायला आधी ते यंत्र समजायला हवं. कमोडोर ६४ मध्ये एकूण स्मृती होती ६४ केबी. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. प्रोसेसरचा वेग होता साधारण एक मेगाहर्ट्झ.

पडद्यावर हलणारी आकृती दाखवायला यात ‘स्प्राइट’ नावाची सोय होती. स्प्राइट म्हणजे पार्श्वभूमीला धक्का न लावता तिच्यावरून सरकवता येणारा छोटा चित्रतुकडा. एक तुकडा २४ ठिपके रुंद आणि २१ ठिपके उंच, स्मृतीत जागा ६३ बाइट. असे तुकडे एका वेळी आठ. युक्त्या करून जास्त दाखवता येत, पण यंत्राने दिलेले आठच.

आता हिशेब करू. एक खेळाडू चार तुकडे जोडून बनवला तर दोघांत आठही संपले, पंचाला काही उरलं नाही. चार तुकड्यांची एक मुद्रा म्हणजे २५२ बाइट. चौदा डाव आणि प्रत्येक डावाच्या आठ मुद्रा धरल्या तर २८ हजारांहून जास्त बाइट, म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती नुसत्या हातापायांच्या हालचालीतच गेली. त्यात कमोडोरला चित्र आरशासारखं उलटवता येत नसे. डावीकडे तोंड केलेला खेळाडू वेगळा साठवा, नाहीतर प्रोग्रॅममध्ये ठिपके उलटवत बसा. पार्श्वभूमी, संगीत, गुणफलक आणि खुद्द प्रोग्रॅम यांना उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसायचं.

अशा तंगीत दोघांची शरीरं एकच ठेवून फक्त रंग बदलणं फार सोयीचं पडतं. प्रत्येक स्प्राइटचा स्वतःचा एक रंग ठरवता येतो; तेवढा बदलला की पांढऱ्याचा लाल झाला, नव्या चित्राची गरजच नाही.

जॉयस्टिकचंही तसंच. दिशा आठ, बटण एक. बटण दाबून आठ आणि न दाबता आठ, झाल्या सोळा शक्यता. त्यातच पुढे चालणं, मागे सरणं, उडी, बसणं, कोलांटी आणि सगळे ठोसे-लाथा भागवायच्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावणाऱ्या त्या दांडीने डावांची संख्या आधीच आखून ठेवली होती म्हणा ना.

न्यायालयापुढची यादी

कॅलिफोर्नियाच्या खालच्या न्यायालयाने दोन्ही खेळ पाहिले आणि पंधरा साम्यं नोंदवली. दोन्हींत चौदा डाव. एकट्याने किंवा दोघांनी खेळायची सोय. पुढची आणि मागची कोलांटी. गर्रकन मागे वळणं. टाच उचलून, खाली बसून मारलेला ठोसा. मागच्या पायाने काढलेली झाडणी. उडी मारून बाजूची लाथ. तीस सेकंदांची फेरी आणि उलटी चालणारी वेळ. बदलती पार्श्वभूमी. एक पंच, आणि त्याच्या तोंडून फुग्यात येणारे शब्द: ‘सुरू’, ‘थांबा’, ‘पांढरा’, ‘लाल’. उरलेल्या प्रत्येक सेकंदाला शंभर जादा गुण.

ही यादी सलग वाचली की कुणालाही वाटेल, नक्कल आहे, आणखी पुरावा कशाला? खालच्या न्यायालयालाही तसंच वाटलं. एपिक्सवर मनाई हुकूम बजावला गेला.

यादीचा हाच धोका असतो. ती साम्यं मोजते, पण साम्य आलं कुठून हे विचारत नाही.

कल्पना मोकळी, मांडणी मालकीची

इथे कॉपीराइटचं मूळ तत्त्व येतं. कॉपीराइट म्हणजे एखाद्याने केलेल्या कृतीची नक्कल करायचा किंवा ती करू न द्यायचा त्याचा हक्क. तो मिळतो मांडणीला. मांडणीमागच्या कल्पनेला मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. हिशेब ठेवण्याची नवी पद्धत सांगणारं पुस्तक तुम्ही लिहिलंत तर पुस्तक तुमचं. त्या पद्धतीने वह्या लिहायला सगळं गाव मोकळं.

हिशेबाच्या पुस्तकात ही रेघ ओढणं सोपं आहे. खेळात कल्पना कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते?

समजा पुण्यातल्या एकीने आणि सांगलीतल्या एकाने, एकमेकांना न विचारता, मोबाइलवर कबड्डीचा खेळ बनवला. दोन्हींत एका बाजूला सात खेळाडू असतील. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा असेल. चढाई तीस सेकंदांची असेल आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं धावेल. घोटा धरून पकड असेल, कमरेला मिठी मारून पकड असेल. सगळा संघ बाद झाला की लोण आणि दोन जादा गुण. पंधरा काय, पन्नास साम्यांची यादी होईल. पण यातलं एकीने दुसऱ्याचं काहीच घेतलेलं नाही, दोघांनीही कबड्डीकडून घेतलं.

कराटेचंही तेच. स्पर्धेत एक खेळाडू लाल आणि एक पांढरा ही खेळाचीच रीत होती. पंच ‘हाजिमे’ म्हणजे सुरू करा आणि ‘यामे’ म्हणजे थांबा, असं प्रत्यक्ष ओरडतोच. अर्धा आणि पूर्ण गुण खेळातच होते. बाजूची लाथ, पायझाडणी, पुढे झेपावून ठोसा हे दोजोमध्ये, म्हणजे कराटेच्या आखाड्यात, पहिल्या वर्षीच शिकवतात. एखाद्या विषयाला हात घातला की जे हमखास येणारच, त्यावर पहिल्याने हात घातला म्हणून त्याची मालकी होत नाही.

अपिलात काय झालं

३० नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने खालचा निकाल फिरवला. कराटेचा सामना ठरलेल्या विधींनी, बऱ्याच कडक चौकटीत चालतो, म्हणून त्यावरचे खेळ एकमेकांसारखे दिसणारच, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त आवडतं, कारण न्यायाधीश यंत्रापर्यंत पोचले. कमोडोरच्या स्वतःच्या मर्यादा आहेत, स्प्राइट वापरावे लागतात, रंग मोजके आहेत, एकाच आकृतीत अनेक रंग वापरायला अडचण आहे, असं त्यांनी निकालात लिहिलं. म्हणजे काही साम्यं कराटेने आणली होती आणि काही त्या खोक्याने.

ही सगळी अपरिहार्य साम्यं वजा केल्यावर डेटा ईस्टच्या स्वतःच्या मांडणीचं उरलं काय? न्यायालयाच्या मते दोन गोष्टी: गुणफलक आणि पार्श्वभूमीची दृश्यं. आणि त्या दोन्ही खेळांत वेगळ्या होत्या.

मग सारखेपणा ठरवायचा कुणाच्या नजरेने? कायदा म्हणतो, ज्या गिऱ्हाइकासाठी वस्तू आहे त्याच्या. या खेळांचा सरासरी ग्राहक साडेसतरा वर्षांचा आणि बहुतेक वेळा मुलगा असतो, असं खालच्या न्यायालयानेच नोंदवलं होतं. अपील न्यायालयाने तोच धागा धरला. चोखंदळ नजरेच्या साडेसतरा वर्षांच्या मुलाला हे दोन खेळ पुरेसे सारखे वाटणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं. कायद्याच्या पुस्तकांत अजून हे वाक्य हसत-हसत उद्धृत होतं. मला ते शहाणपणाचं वाटतं. ज्याने दोन्ही खेळ रात्र-रात्र खेळलेत त्याला फरक कळतो. दोन्हीकडे नुसत्या लाथाच दिसतात त्या वडीलधाऱ्यांना.

मांडणी म्हणजे नेमकं काय, याचा एक नमुना

त्याच सुमाराचा एक तिसरा खेळ बघा. १९८४ साली येल विद्यापीठात शिकणाऱ्या जॉर्डन मेक्नरने ॲपल २ वर ‘कराटेका’ केला. लाथा-ठोसे इथेही आहेत. पण इथे पंच नाही, गुण नाहीत. अकुमा नावाच्या दुष्टाच्या गढीत मारिको नावाची राजकन्या कैदेत आहे आणि एकामागून एक पहारेकऱ्यांना हरवत तिच्यापर्यंत जायचं. आपल्या कराटे शिक्षकाला कॅमेऱ्यात टिपून मेक्नरने त्या हालचाली एकेका चित्रावरून उतरवल्या होत्या, म्हणून त्यातला माणूस खरोखर अंग तोलून वार करतो. त्याच्या वडिलांनी संगीत दिलं. आणि शेवटी राजकन्येसमोर लढायच्या पवित्र्यातच गेलात तर ती तुम्हाला एका लाथेत आडवं करते! इतक्या मेहनतीनंतर हे घडलं की पोरं किंचाळत.

तो शेवट, ती गढी, तशी बारकाईने काढलेली चाल ही मेक्नरची मांडणी. ती जशीच्या तशी कुणी उचलली असती तर कराटे सगळ्यांचंच आहे ही सबब चालली नसती.

मग नियम तेच ठेवून काहीही उचलावं का?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि त्याला २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने उत्तर दिलं. झिओ इंटरॅक्टिव्ह नावाच्या कंपनीने टेट्रिससारखाच खेळ काढला होता. आम्ही कायदा अभ्यासला आहे आणि फक्त नियम घेतले आहेत, असं ती कंपनी म्हणत होती. ती हरली.

कराटेच्या खेळाला बाहेर खरा कराटे आहे, टेट्रिसला बाहेर काहीच नाही. ठोकळे कोणत्या आकाराचे, पाट किती रुंद, पुढचा ठोकळा कसा दाखवायचा, हे सगळं कुणीतरी मनाने ठरवलं होतं. पडणारे ठोकळे जुळवून ओळ पुसायची ही कल्पना मोकळी आहे, पण ती हजार प्रकारे दाखवता येते. झिओने दहा बाय वीसचा पाट आणि ठोकळ्यांचे आकारसुद्धा तेच घेतले. म्हणजे खेळ जितका खऱ्या जगातल्या गोष्टीला चिकटलेला, तितका कॉपीराइट पातळ. जितका मनातून काढलेला, तितका जाड. हे एकदा ध्यानात आलं की उलटसुलट वाटणारे निकाल जागच्या जागी बसतात.

पण ज्याने आधी घाम गाळला त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर गोड उत्तर नाही. बाजारपेठ आहे हे दाखवून देणाऱ्याला पहिलेपणाचा फायदा मिळतो, मक्ता मिळत नाही. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, काढलेली चित्रं, संगीत मात्र पूर्ण त्याचं राहतं. आर्केडचा प्रोग्रॅम किंवा रॉब हबर्डची धून कुणी उचलून आपल्या खेळात डकवली तर ती सरळ चोरीच.

दुसऱ्या बाजूचं नुकसान मात्र फारसं कुणी मोजत नाही. एपिक्स जिंकली तोवर खेळ अमेरिकेत येऊन अडीच वर्षं झाली होती. दरम्यान १९८७ मध्ये मॅक्लीनचा पुढचा भाग, तीन खेळाडूंचा ‘इंटरनॅशनल कराटे प्लस’ही येऊन गेला होता. खेळांच्या धंद्यात अडीच वर्षं म्हणजे पिढी बदलते. शेवटी आपण बरोबर ठरलो तरी मधल्या काळातला मनाई हुकूम छोट्या कंपनीला पुरेसा महाग पडतो.

डेटा ईस्टवर उलटा डाव

१९९१ मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने आर्केड गाजवले. १९९३ मध्ये ‘फायटर्स हिस्टरी’ नावाचा, त्याच धाटणीचा खेळ आला. काढणारी कंपनी कोण? डेटा ईस्टच!

कॅपकॉमने दावा लावला आणि १९८६ मध्ये फिर्यादी असलेली डेटा ईस्ट आता आरोपीच्या बाजूला उभी राहिली. न्यायालयाने पाहिलं की काही पात्रं आणि काही खास डाव खरोखर मिळतेजुळते आहेत. पण बहुतांश ठोसे-लाथा हे मारामारीतले सर्वसाधारण वार, त्यावर कॅपकॉमचा हक्क नाही. १९९४ मध्ये कॅपकॉमची मनाईची मागणी फेटाळली गेली. ज्या युक्तिवादाने डेटा ईस्ट हरली होती त्यानेच ती वाचली. तिच्या वकिलांना हा युक्तिवाद शोधायला ग्रंथालयात फार वेळ लागला नसावा.

मग पेटंट कुठून आलं?

पेटंट हा वेगळाच हक्क आहे. कॉपीराइट दिसण्याचं आणि लिहिण्याचं रक्षण करतो, पेटंट एखादी गोष्ट चालते कशी याचं. कॉपीराइट कृती तयार होताच आपोआप मिळतो. पेटंटसाठी अर्ज करावा लागतो, ही रीत नवी आहे हे पटवावं लागतं आणि ठरावीक वर्षांनी ते संपतं. पेटंटच्या दाव्यात नक्कल सिद्ध करावीच लागते असं नाही. तुम्हाला स्वतंत्रपणे सुचलं असलं तरी अडचण येऊ शकते.

पॉकेटपेअरवर लावलेली पेटंटं प्राण्याकडे वस्तू फेकून त्याला पकडणं आणि प्राण्यांवर स्वार होणं अशा खेळण्याच्या रीतींवरची आहेत. कोणाचे डोळे कुणासारखे, हा मुद्दाच त्यात नाही. दाव्यानंतर पॉकेटपेअरने खेळात गोळा फेकून प्राणी बोलावण्याची पद्धत बदलली. प्राण्यांचे चेहरे त्यासाठी बदलावे लागले नाहीत.

आपल्याकडे काय?

भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कल्पनेवर मालकी नाही हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ठसवलं. नाटककार आर. जी. आनंद यांचं म्हणणं होतं, की त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट उचलला आहे. प्रांतवाद हा दोन्हींचा विषय. न्यायालय म्हणालं, विषय, कल्पना, कथानकाचा सांगाडा यांवर कॉपीराइट नसतो. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर ‘ही त्याची नक्कलच’ असा निःसंशय ठसा उमटतो का ते बघा. आनंद हरले. तिकडे साडेसतरा वर्षांचा मुलगा उभा केला, इकडे प्रेक्षक. कसोटीचा रोख एकच.

पेटंटच्या बाबतीत आपला कायदा आणखी हात आखडता घेतो. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये ज्यांना पेटंट मिळणार नाही अशांची यादी आहे आणि खेळ खेळण्याची निव्वळ पद्धत तिच्यात नाव घेऊन घातली आहे. नुसता संगणक प्रोग्रॅमही त्याच यादीत आहे.

त्यामुळे कबड्डीचा खेळ करणाऱ्या त्या दोघांना तीस सेकंदांची चढाई, बोनस रेषा आणि लोण बिनदिक्कत घेता येईल. एकमेकांचा प्रोग्रॅम, काढलेली चित्रं, रेकॉर्ड केलेलं समालोचन घेता येणार नाही. एखाद्या व्यावसायिक लीगचं बोधचिन्ह वापरलं तर ट्रेडमार्कचा कायदा वेगळाच दार ठोठावेल. आणि खेळ जगभर विकायला ठेवला की भारतातली ती यादी फक्त भारतापुरती राहते. जपानमधल्या विक्रीला जपानचीच पेटंटं लागू होतात.